शेपटाचं जाकीट

घाटाला लागून पाऊण तास झाला होता आणि मिस्त्रीच्या मांडीला काहीतरी टोचत होतं. पायडल वर आलं की टोचायचं, खाली गेलं की थांबायचं. आधी त्याने लक्ष दिलं नाही. एक तर असल्या चढावर अंगातला प्रत्येक अवयव काही ना काही कुरकुर करतच असतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्या पुढे डॉक्टर चालले होते.

डॉक्टर दातांचे. दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावणारा हा माणूस चढावर स्वतः आ वासून सायकल हाणायचा. दर वळणावर उतरायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "काय देखावा आहे, मिस्त्री!" मग देखाव्याकडे पाठ करून घटाघटा पाणी प्यायचे.

मिस्त्री बारा जणांच्या या टोळीचं शेपूट होता. शेपूट म्हणजे सगळ्यात मागून येणारा. कुणाची चेन पडली, कुणाचा टायर बसला, कुणाचा दम गेला, तर त्याला सांभाळून आणणारा. अंगात नारिंगी जाकीट घालायचं आणि कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही, हा नियम त्यानेच अठरा वर्षांपूर्वी केला होता आणि एकदाही मोडला नव्हता. पुढचे सगळे माथ्यावर थांबायचे. शेवटच्या वळणावर नारिंगी जाकीट दिसलं, की शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर शिट्टी फुंकायचे आणि ताजीतवानी झालेली टोळी भुर्रकन उताराला लागायची. शेपूट पोचेपर्यंत माथा रिकामा. शेपटाला टेकायला मिळतं की नाही, हा विचार अठरा वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मिस्त्रीनेही बोलून दाखवलं नव्हतं. त्याचा स्वभावच तसा, मेला तरी पाणी मागायचा नाही.

पुन्हा टोचलं. त्याने खिशात हात घातला. हा गडी सायकल चालवतानाही दुकानातलीच खिशांची पँट घालायचा. हाताला लागली ती पाच नंबरची ॲलन की, बोल्ट आवळायची ती वाकडी, षटकोनी चावी.

ती खिशात असायलाच नको होती.

दुकानातल्या फळीवर प्रत्येक हत्याराला स्वतःचा खिळा होता आणि खिळ्यामागे पेन्सिलीने काढलेला त्या हत्याराचा आकार. काम झालं की हत्यार जागेवर. ॲलन की खिशात राहिली याचा अर्थ एकच होता. काल संध्याकाळी तो काम अर्धवट टाकून उठला होता.

प्रत्येक राइडच्या आदल्या दिवशी बाराही सायकली त्याच्या दुकानात यायच्या. तो एकेक स्टँडवर चढवायचा, एकेक बोल्ट आवळायचा आणि आवळलेल्या बोल्टवर बायकोच्या जुन्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे मिस्त्रीचा शब्द. मग कुणी वाकून बघायचंसुद्धा नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, घरच्या शेवटी. काल घरच्या गाड्यांपर्यंत आला असताना वरून बायकोने हाक मारली होती, "वाढलंय, गार होतंय." जेवून खाली आला, दिवा घालवला, शटर ओढलं.

पोरीची हिरवी सायकल त्याला स्टँडवर लख्ख दिसत होती. पुढच्या ब्रेकचा बोल्ट, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या मागे दडलेला. त्यात की घातलेली आठवत होती. फिरवलेली आठवत नव्हती.

हे अलीकडे होऊ लागलं होतं. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं चाक सरळ करून त्याने बाजूला ठेवलं आणि अर्ध्या तासाने तेच पुन्हा सरळ करायला घेतलं. एकदा तर शटर लावलं की नाही म्हणून तीनदा जिना उतरला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

आणि माथ्यापलीकडे तेरा वळणांचा उतार होता. चढावर ब्रेकला कोण विचारतो, उतारावर जीव त्याच्यावर. पोरगी तेवीस वर्षांची, टोळीत तिला सगळे 'बाण' म्हणायचे. शिट्टी वाजली की पहिली तीच सुटायची.

त्याने फोन काढला. रेंजचा पत्ता नव्हता.

"डॉक्टर, जरा पाय उचला."

"उचलतोय ना! दोनच आहेत, आळीपाळीने उचलतोय."

पुढच्या वळणावर डॉक्टर शिरस्त्याप्रमाणे उतरले. मिस्त्रीही उतरला, आणि त्याला उभं राहवेना. दोन पावलं पुढे, दोन मागे. नियम मोडायचा, डॉक्टरांना एकटं टाकायचं आणि सुसाट वर जायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. पण गेला तरी काय होणार? शेवटच्या वळणावर जाकीट दिसलं की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की पोरगी गेलीच. वरच्या वाऱ्यात त्याची हाक कुणाला ऐकू जाणार? हातवारे केले तर लोकांना वाटणार, शेपूट आज खुशीत आहे. पोरीला उतारावर ढकलणारा तोच ठरणार होता.

त्याने जाकीट उतरवलं आणि डॉक्टरांपुढे धरलं.

"हे घाला. आजचं शेपूट तुम्ही."

"मी?" डॉक्टरांनी बाटली खाली घेतली. "मिस्त्री, काय झालं? चेहरा असा का?"

"पोरीचा ब्रेक राहिलाय माझ्याकडून. पुढचा." त्याने जाकीट त्यांच्या हातात कोंबलं. "जाकीट दिसलं की ते सुटतील. ते तुमच्या अंगात असलं, की तुम्ही वर येईपर्यंत थांबतील. पण ते सुटायच्या आत मला तिच्यापाशी पोचायचंय."

डॉक्टरांनी बाटली खोचली. जाकिटात हात घातले. "पळा. मी गोगलगाय होऊन येतो. त्याचा सराव आहे मला."

मिस्त्री सुटला. छप्पन्न वर्षांचे गुडघे, पण त्यांचं कोण ऐकतो! तो उभा राहून पायडल मारत होता. ॲलन की मांडीला टोचत होती, टोचू दे म्हणत होता. गेल्या खेपेला पोरगी शिट्टीचीही वाट न बघता सुटली होती, हे नेमकं आत्ताच आठवायचं होतं. दरीकडून वारा आडवा लागत होता. कॉलेज संपवून ती दोन वर्षांपूर्वी दुकानात आली, तेव्हापासून तिला पंक्चर आणि पुसापुशीपलीकडे त्याने हात लावू दिला नव्हता. बोल्ट आवळणं म्हणजे जबाबदारीचं काम, असं तो ऐटीत सांगायचा. आता त्या ऐटीची त्याला शिसारी आली.

शेवटचं वळण. वर सगळे दिसले. हिरवी सायकलही दिसली, पोरगी तिच्यावर टांग टाकून, एक पाय जमिनीवर. शिट्टी वाजली नाही.

"मिस्त्री?" मास्तर ओरडले. "जाकीट कुठाय? डॉक्टर कुठायत?"

"येतायत!" त्याने स्वतःची सायकल रस्त्यावर आडवी टाकली आणि पोरीचं हँडल घट्ट धरलं. "उतर."

"बाबा, अहो, काय..."

"उतर म्हणतो ना!"

ती उतरली. तो गुडघ्यांवर बसला, फोर्कच्या मागे डोकं घातलं. बोल्टवर लाल ठिपका होता. ॲलन की लावून बघितली, तसूभर हलला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसला आणि हसला.

मग त्याला लाल ठिपक्याशेजारचा निळा ठिपका दिसला. मोहरीएवढा.

"हा कशाचा?"

तो उठला, मास्तरांच्या सायकलीपाशी गेला, वाकला. लाल आणि निळा. त्यापुढची, लाल आणि निळा. लोक बाजूला होत होते आणि मिस्त्री एकेका सायकलीपुढे वाकत चालला होता. सगळ्या गाड्यांवर त्याच्या शब्दाशेजारी दुसऱ्या कुणाचा तरी शब्द होता.

तो परत आला. "कधीपासून?"

"सहा महिने झाले." ती हळू बोलत होती, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुम्ही झोपायला गेलात की मी खाली जाते. पुढच्या खेपेला गाड्या आल्या की पुसताना निळे ठिपके काढून टाकते. मास्तरांच्या सीटचा बोल्ट सैल होता एकदा."

"ठिपका द्यायचा राहिला असेल."

"ठिपका होता, बाबा."

मिस्त्रीने मान खाली घातली. ठिपका होता आणि बोल्ट सैल होता. यापेक्षा तिने चार लोकांत थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

"मग कालचा कुठला राहिला होता? ॲलन की माझ्या खिशात आहे. एक तर राहिलाच होता."

तिने आडव्या पडलेल्या त्याच्या सायकलीकडे बोट केलं. त्याने जाऊन ती उचलली, पुढचं चाक वर धरलं. फोर्कच्या मागे एकच ठिपका होता. निळा.

घरच्या गाड्या शेवटी, आणि त्यातही आपली सगळ्यात शेवटी. या पळापळीत ती त्याला आठवलीच नव्हती.

"बोटाने फिरत होता," ती म्हणाली. "माझ्याजवळच्या चावीने आवळला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून बसला असता. आणि जाकीटही उतरवलं असतं."

तेवढ्यात खालच्या वळणावर नारिंगी रंग दिसला. डॉक्टर चक्क सायकलीवर बसून, छाती काढून येत होते. मास्तरांनी सवयीने शिट्टी फुंकली आणि टोळी भुर्रकन सुटली. डॉक्टर पोचले तेव्हा माथ्यावर बापलेक दोघंच होते.

"अरे, गेले? मला पाणी तरी पिऊ द्यायचं!" डॉक्टर कळवळले. "मिस्त्री, शेपटाला थांबायलाच मिळत नाही?"

"नाही."

"अठरा वर्षं?"

"हो."

पोरीने त्यांच्या अंगातलं जाकीट काढून घेतलं आणि स्वतः घातलं. तिला ते फार मोठं होत होतं. तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"डॉक्टर, पाणी प्या निवांत, मी थांबते. बाबा, तुम्ही व्हा पुढे."

"तुला उतार आवडतो," तो म्हणाला. "मागे राहिलीस तर तू बाण कसली?"

"आवडतो," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

मिस्त्रीने खिशातली की काढून तिच्या हातावर ठेवली. "पाच नंबर. दुकानात गेलीस की जागेवर लाव." आणि मग, जरा थांबून, "उद्यापासून आधी तू आवळ. मी नंतर बघेन."

तो उताराला लागला. पहिल्या वळणावर त्याने पुढचा ब्रेक दाबला. ब्रेक लागला. मान सारखी मागे वळू पाहत होती, ती त्याने बळेच सरळ ठेवली.