साडेसहाची मालिका

भिंगरी हे नाव तिला दुकानात मिळालं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नंबराची गोल काच फ्रेमच्या आकारात घासून बसवायची. भिंगांचं काम करते म्हणून भिंगरी. खरी भिंगरी गरगर फिरते, आणि ही बाई एकदा स्टुलावर बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागची हलायची नाही. नाव ठेवणारे खो खो हसले, तिला काही हसू आलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कामाचं तिला भय नव्हतं. भय होतं जेवणाच्या सुट्टीचं. काउंटरवरच्या दोघी, हिशेब बघणारी आणि ही, अशा चौघी एका टेबलाशी बसायच्या, डबे उघडायच्या आणि डब्यांबरोबर मालिकाही उघडायच्या. धाकट्या सुनेनं काल काय केलं, कुठल्या नटीचं लग्न मोडलं, कुठलं गाणं सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. भिंगरीला यात काडीचा रस नव्हता. राग नव्हता, तुच्छता तर मुळीच नव्हती. रस नव्हता, एवढंच, जसा कित्येकांना गणितात नसतो. पण गणितात रस नाही म्हटलं तर लोक टाळी देतात, आणि मालिकेत रस नाही म्हटलं की म्हणतात, स्वतःला फार शहाणी समजते. जगाचा न्यायच तसा, त्याला कोण काय करणार?

चाळिशी जवळ आल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे बसवून सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता. हा शब्द ज्यानं घडवला त्यानं भिंगरीला काच घासताना पाहिलं नसावं. ती स्वतःत कधीच मग्न नसायची, काचेत असायची. आई त्या दिवशी बरोबर होती. आवाजाचा त्रास होतो का, माणसांत गेलं की थकायला होतं का, बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून ठेवावं लागतं का, असे डॉक्टरीणबाईंचे सगळे प्रश्न तिनं पदराचं टोक चाळवत ऐकले. बाहेर पडल्यावर म्हणाली, "त्यात काय एवढं? असं तर सगळ्यांचंच असतं." भिंगरीला ते पटलं नव्हतं, पण आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तिला ठाऊक होतं. दोघी रिक्षा करून घरी आल्या.

आईचा उपाय वेगळाच होता आणि तो डॉक्टरीणबाईंच्या कितीतरी आधीपासून चालू होता. रोज साडेसहाला आई बाहेरच्या खोलीत मालिका लावून बसायची. शेजारच्या काकूही आपल्या घरी तीच बघायच्या, आणि सकाळी दोघींच्या गप्पा जिन्यात रंगायच्या. त्याआधी, सकाळच्या चहाच्या वेळी, आई भिंगरीचा धडा घ्यायची.

"ऐक. धाकट्या सुनेला कळलंय की जाऊ आजारी नाहीच, सोंग करतेय. कळलं?"

"जाऊ सोंग का करतेय?"

"ते नाही विचारायचं. जेवताना एवढंच म्हणायचं, काय बाई ती जाऊ! मग त्या बोलतील, तू मान हलव."

सुरुवातीला सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. भिंगरी भलत्याच वेळी "काय बाई ती जाऊ" म्हणायची. पण आईनं चिकाटी सोडली नाही आणि हळूहळू जमलं. चौघींच्या टेबलावर तिची जागा टिकली, ती आईच्या रोजच्या या एका वाक्यावर. आई मालिका बघत असे तेव्हा भिंगरी आपल्या खोलीत दार घट्ट लावून बसायची. मालिकेतली माणसं सारखी ओरडायची, आणि प्रत्येक ओरडण्यामागून ढोल वाजल्यासारखं संगीत यायचं. ते तिच्या दातांत शिरायचं.

मग आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही जवळजवळ गेली. एखादा शब्द यायचा, तोही विहिरीतून बादली ओढावी तसा. दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली. काकू रोज सकाळी येऊन बसायच्या, आईचे केस विंचरायच्या, आदल्या दिवशीची मालिका सांगायच्या. संध्याकाळ भिंगरीची. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. भिंगरीनं ठरवलं की जेवढे आहेत तेवढ्यात आईला जे आवडतं ते सगळं द्यायचं. आणि आईला काय आवडतं हे तर गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तिनं टीव्ही आईच्या खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवला. साडेसहाला लावायची आणि स्वतः शेजारी खुर्चीत बसायची, मुठी आवळून. आईला नीट ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवायची. इतकी वर्षं आईनं आपल्याला गोष्ट भरवली, आता आपण आईला भरवायची, असा तिचा सरळ हिशेब होता. मालिका संपली की डोकं इतकं दुखायचं की अन्नावर वासना राहायची नाही. पण तिनं एकही दिवस चुकवला नाही.

दुकानात मात्र याचा गाजावाजा झाला. भिंगरी आता जेवताना अख्खा भाग सांगू लागली, कुणी कुठल्या खोलीतला दिवा घालवला इथपासून मधल्या जाहिरातींपर्यंत. काउंटरवरची थोरली हात जोडून म्हणाली, "अगं बाई, आम्हीपण बघितलंय गं!" सगळ्या हसल्या. भिंगरीला बरं वाटलं. घरी जाऊन तिनं हेही आईला सांगितलं. आईनं डोळे मिटून घेतले.

आई मालिकेच्या वेळी रडायची. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरायचं. मालिकेत लोक रडतात तेव्हा बघणारेही रडतात हे भिंगरीला माहीत होतं, काकूही रडायच्या. ती रुमालानं आईचा गाल पुसायची आणि म्हणायची, "रडू नकोस. उद्या तिला सगळं कळणार आहे, काकू म्हणाल्या."

एका संध्याकाळी आईनं तोंड वाकडं करून, सगळा जीव ओठांत आणून शब्द काढला. "बंद."

भिंगरीनं उठून खिडकी बंद केली.

"बंद!"

तिनं दार बंद केलं. पंखा बंद केला. मग आईनं डावा हात उचलला आणि रिमोट खाटेवरून खाली ढकलला. तो फरशीवर आपटला, त्यातले सेल घरंगळत गेले, आणि धाकटी सून ओरडतच राहिली. भिंगरीनं भिंतीवरचं बटण दाबलं.

खोली शांत झाली. आईनं लांब श्वास सोडला आणि तिचे खांदे खाली आले. भिंगरी त्या खांद्यांकडे बघत राहिली. माणसांचे चेहरे तिला फारसे वाचता यायचे नाहीत, पण हे तिला वाचता आलं, कारण तिचे स्वतःचे खांदे रोज असेच खाली यायचे. आपल्या खोलीचं दार लावलं की.

"तुला आवडते ना ती?"

"नाही."

"आजारपणामुळे नको वाटते?"

आईनं मान हलवली. "कधीच... नाही."

भिंगरी खाली बसली, फरशीवरच. "मग इतकी वर्षं कशाला बघत होतीस?"

याचं उत्तर यायला पुष्कळ वेळ लागला. "काकू," आई म्हणाली. मग म्हणाली, "तू. डबा." भिंगरीला कळलं. डबा म्हणजे जेवणाची सुट्टी.

"पण मी कामाला लागायच्या आधीही तू बघायचीस. दुसऱ्या मालिका. बाबा होते तेव्हाही."

"शिष्ट," आई म्हणाली. "मला. शिष्ट म्हणायचे."

भिंगरीला शाळेत हाच शब्द मिळाला होता. तो तिनं घरी सांगितला तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं, थांब, मी शिकवते तुला. आता आईनं डावं बोट उचलून बाहेर, पलीकडच्या खोलीकडे दाखवलं.

"तुझी खोली."

"माझ्या खोलीत काय?"

"यायचं... होतं."

"मग आली का नाहीस?"

"दार," आई म्हणाली. "लावायचीस."

दार ती मालिकेच्या आवाजामुळे लावायची. आई मालिका लावायची ती भिंगरीला चार माणसांत बसता यावं म्हणून. हे सगळं डोक्यात एका ओळीत लागायला तिला फार वेळ लागला नाही, आणि लागलं तेव्हा तिनं खाटेचा लोखंडी पाय घट्ट धरून ठेवला. ती रडली. आई तिच्या केसांवर डावा हात ठेवून होती. हलका स्पर्श भिंगरीला सोसायचा नाही, पण तो हात जड होता म्हणून तिला त्याचा त्रास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दिवसभराच्या बाईच्या मदतीनं खाट आपल्या खोलीत आणली. संध्याकाळी खिडकीचा पडदा फटीपुरता उघडा ठेवला आणि दुकानातली, कडेला टवका उडाला म्हणून बाद झालेली एक काच काढली. म्हाताऱ्यांच्या वाचायच्या चष्म्याची, मधे फुगीर. ती खिडकीसमोर धरून पुढेमागे केली, तशी समोरच्या भिंतीवर बाहेरची गल्ली उमटली. लहानशी, रंगीत, आणि उलटी. माणसं डोक्यावर चालत होती, सायकली छताला चिकटून जात होत्या, एक कुत्रा आभाळावर बसून पाय वर करून कान खाजवत होता. आणि या सगळ्याला आवाज नव्हता. भिंगरी वर्षानुवर्षं दाराआड हेच बघत बसली होती. हे कोणाला दाखवावं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

आईच्या घशातून एक आवाज आला. भिंगरी घाबरून वळली. आई हसत होती. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होती.

"तो," आई म्हणाली. उलटा वाणी दुकानाचं शटर ओढत होता, खालून वर. आईला ते फार आवडलं. अंधार पडून चित्र विझेपर्यंत दोघी बघत राहिल्या. बोलायला हवं असं दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही.

अशा संध्याकाळी आठवडाभरही मिळाल्या नाहीत. दुसरा झटका पहाटे आला आणि आई गेली.

लोक भेटायला आले. दुकानातल्या तिघी आल्या, मालक आले, चार शब्द बोलून गेले. काकू शेवटपर्यंत बसून राहिल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाल्या, "किती वेड होतं गं तिला त्या मालिकेचं! जिन्यात आमचे चहा गार व्हायचे, पण बोलणं संपायचं नाही. आता मला ती लावावीशीच वाटत नाही. कोणाशी बोलू?"

अशा वेळी काय म्हणायचं ते आईनं शिकवून ठेवलेलं होतं. मान हलवायची आणि "हो ना, काकू" म्हणायचं. भिंगरीनं तोंड उघडलं, पण ते वाक्य बाहेर येईना. आई गेल्यावर आईबद्दल खोटं बोलणं तिला शक्य नव्हतं.

"तिला ती आवडत नव्हती, काकू."

"काय?"

"मालिका. तिला कधीच आवडली नाही. तिनं मला सांगितलं."

काकूंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "म्हणजे रोज सकाळी माझ्याशी... ते सगळं नाटक होतं?"

भिंगरीनं विचार केला. नाटक हा शब्द बरोबर नव्हता, आणि चुकीचा शब्द तिला तसाच सोडता यायचा नाही.

"नाटक नाही. अभ्यास. त्या आवाजानं तिचं डोकं दुखायचं. माझंही दुखतं, म्हणून मला माहीत आहे किती दुखत असेल. तरी ती रोज बसायची, पूर्ण बघायची. सकाळी तुम्ही याल आणि तुमच्याशी बोलता येईल म्हणून."

काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "एवढं केलं माझ्यासाठी? अगं, तिनं नुसतं सांगितलं असतं तर आपण दुसरं काही बोललो असतो."

"दुसरं काय बोलतात ते तिला माहीत नव्हतं."

काकू सरकून तिच्याजवळ आल्या आणि तिचा हात हातात घेतला. "तुझं भाग्य, पोरी. सगळा वेळ तुझ्याजवळ होती."

भिंगरीनं हात सोडवून घेतला नाही. ती आपल्या खोलीच्या भिंतीकडे बघत होती. भिंत कोरी होती.

"नव्हती, काकू," ती म्हणाली. "ती तिकडे बसून तुमच्याशी बोलायला शिकायची. मी दुकानात चौघींत बसावं म्हणून मलाही शिकवायची. आणि माझ्याशी बोलायला तिला काहीच बघावं लागलं नसतं."