छावणीतली शिकवणी

सराव परीक्षेचा निकाल मोबाइलवर आला तेव्हा शिवकन्या वडिलांच्या किराणा दुकानात होती. भाषेत आणि तर्कात गुण चांगले होते. गणितानं मात्र मागच्या वर्षीसारखंच सगळं खाली ओढलं होतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसणार होती.

समोर वडील, सिद्धेश्वरअप्पा, आणि त्यांचे गेवराईचे स्नेही सुंदरराव बसले होते. सुंदरराव तिच्यासाठी स्थळ घेऊन आले होते.

"कसा लागला गं निकाल?" अप्पांनी विचारलं.

"बरा लागला, अप्पा. गणितपण सुधारलं."

अप्पांचा चेहरा खुलला. त्या वर्षी तो क्वचितच खुलायचा. तलवाड्याच्या दूध सोसायटीचे ते चेअरमन. विहिरी आटल्या होत्या, गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती आणि दूध एवढं घटलं होतं, की ते न्यायला येणारी दूध संघाची गाडी कधी बंद होईल याचा नेम नव्हता.

"पोरगी शिकणार हाय, सुंदरराव," ते म्हणाले. "उद्या हीच सोसायटी चालवील. लग्नाचं आत्ता न्हाई."

सुंदरराव चहा संपवून उठले. आता हे गाडं मागं कसं घ्यायचं, शिवकन्येला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत वत्सलाबाईंकडे गेली. बाई गेवराईच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घरी पाणी नव्हतं, म्हणून दोन म्हशी घेऊन छावणीत मुक्कामाला होत्या. हिरव्या जाळीच्या सावलीत बाज टाकून बसलेल्या बाईंना शिवकन्येनं खरा निकाल दाखवला.

बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "दूध वीस टक्क्यांनी घटलं. मग वीस टक्क्यांनी वाढलं. पहिल्याइतकं झालं का?"

"झालं की."

"न्हाई झालं. शंभर लिटरचे ऐंशी राहिले. वाढ ऐंशीवर धरायची, शंभरावर न्हाई. समजलं?"

"हो, बाई."

"मग आता तू मला समजावून सांग."

शिवकन्येनं तोंड उघडलं आणि ती अडखळली. ऐंशीचे वीस टक्के काढायला तिला जमेना.

"बघ," बाई म्हणाल्या. "तू हो म्हणतेस ते समजलं म्हणून न्हाई. पुढचा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून. शाळेपासून असंच चाललंय ना?"

शिवकन्येला रडू आलं. शेजारच्या दावणीवरच्या बायका वळून बघत होत्या.

बाईंनी तिला सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला लावली. अपूर्णांक, गुणोत्तर, मग टक्केवारी. प्रत्येक गणित सोडवून झालं, की ते मोठ्यानं समजावून सांगायचं. जिथं जीभ अडेल तिथं परत मागं जायचं. पदवीधर पोरगी सहावीचं पुस्तक घेऊन बसते, याचं छावणीत हसू व्हायचं. एकदा ती पुस्तक आपटून निघून गेली. बाईंनी हाक मारली नाही. संध्याकाळी ती आपणच परत आली, तर बाई म्हशीला पेंड घालत होत्या. "बस. काळ-कामाचं गणित राहिलंय," एवढंच म्हणाल्या.

हळूहळू तिची जीभ सुटत गेली. पुढच्या सराव परीक्षेत गुण वाढले. फार नाही, पण खरे होते.

त्याच आठवड्यात संघाची गाडी बंद झाली. अप्पा दुकानात सुन्न बसले होते. सोसायटीच्या सभासदांना ते सांगून आले होते, की वर्ष-दोन वर्षं कळ काढा, माझी पोरगी शिकून येते. हे ऐकल्यावर शिवकन्येला राहवेना.

"अप्पा, त्या दिवशी मी खोटं बोलले. गणितात मी सपशेल पडले होते."

अप्पांनी मान वर केली. "कावून खोटं बोललीस?"

"सुंदरराव बसले होते. तुम्ही आशेनं बघत होतात."

"तुज्या शब्दावर मी चांगलं स्थळ सोडलं. लोकांना जबान दिली." त्यांचा आवाज चढला नाही, तेच तिला जास्त लागलं. "आता खरं काय, खोटं काय, मी कसं वळखावं?"

त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. जेवताना काही हवं असलं, तर आईला सांगत. परीक्षेला बीडला तिच्याबरोबर आई, मल्लम्मा, गेली.

पेपरात गणिताचे निम्मे प्रश्न तिनं अंदाजानं उत्तरं न ठोकता सरळ सोडून दिले. जे येत होते तेच सोडवले, मनाशी पुटपुटत, जसे छावणीत बाईंना सांगायची तसे. बाहेर आली तेव्हा पेपर कसा गेला हे आईला सांगायची तिला भीती वाटली. "निम्मे सोडून दिले," तरी तिनं खरं ते सांगितलं. मल्लम्मानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

गणिताचे गुण मागच्यापेक्षा बरेच वाढले. पुण्याच्या ज्या कॉलेजची तिला आस होती, तिथं तेवढे पुरले नाहीत. औरंगाबादला नंबर लागला. निकाल सांगायला ती छावणीत गेली, तर सरकारी अनुदान थांबून छावणी उठली होती आणि बाई एक म्हैस विकून, दुसरी घेऊन लेकीकडं गेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "संख्याशास्त्राला घाबरू नको, तिथं ते लागतंच."

जायच्या दिवशी अप्पा गेवराईच्या स्टँडपर्यंत आले. पाऊस अजून नव्हता. बसची वाट बघता बघता ते म्हणाले, "सोसायटीला कुलूप लावलंय. तू माघारी येशील तवा ती असंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"मला पण सांगता येत नाही, अप्पा," शिवकन्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली, तिची बॅग उचलली आणि गर्दीतून वाट काढत बसच्या दाराकडं निघाले.