नानकटाईच्या काउंटरात पावणी

मित्रांनो, माझ्या पोटात साप राहतो. दचकलात ना? दचका, पण पळू नका. या सापाच्या आधी त्याच जागी कित्येक वर्षं नानकटाई राहत होती, आणि दोघांचाही पाहुणचार मी सारख्याच इमानानं केला आहे. मी एक जुना काउंटर आहे. अंग सागवानी, पुढे जाड काच, मागे सरकती दारं. सध्या माझा मुक्काम कळंबला, हनुमंतभाऊंच्या घरी, पण जन्म जुन्नरचा. हे मी मुद्दाम सांगतो. जन्मगावाचा अभिमान कुणाला नसतो?

जुन्नरच्या बाजारपेठेत दिलावरभाईंची बेकरी होती. त्यांनी मला समोर बसून करवून घेतलं. सुतारानं फळी बसवली की दिलावरभाई सांध्यात नख घालून बघायचे. नख शिरलं की फळी पुन्हा काढायला लावायचे. "मुंगी शिरली तर साखर माझी जाईल, तुझी न्हाई," असं म्हणायचे. सुतार मनातल्या मनात काय म्हणत असेल ते असो, पण मी झालो मात्र घट्ट. दारं लावली की आतला वास आत आणि बाजारातली धूळ बाहेर.

काय दिवस होते ते! भट्टीतून निघालेले गरम ट्रे माझ्या पोटात सरकायचे आणि माझी लाकडं त्यांची ऊब धरून ठेवायची. मढ गावाकडे जाणारी माणसं एसटीची वाट बघत माझ्यासमोर उभी राहायची. लहान मुलं काचेला नाक लावायची, त्यांच्या नाकांचे ठसे दिलावरभाई रोज फडक्यानं पुसायचे. लोक माझ्याकडे बघतात म्हणजे आपण कुणीतरी आहोत, असं मला वाटायचं. दाखवणं हाच माझा धर्म, अशी माझी समजूत होती.

पण माझ्यात एक खोड होती. माझ्या पोटात ओलावा राहायचा. नानकटाईला त्याचं काही वाटत नसे, पण खारी मऊ पडायची. दिलावरभाई होते तोवर त्यांनी माझी खोड पदरात घेतली. त्यांच्यामागे त्यांच्या मुलानं, परवेजनं दुकान हाती घेतलं, आणि गिऱ्हाइकांच्या कुरकुरीला तो कंटाळला. त्यानं आतून दिवे लागणारा चकचकीत नवा काउंटर आणला आणि मला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं. माझ्या डोक्यावर लोक हेल्मेट ठेवू लागले. कुणी कुणी तर पानाचे हात पुसले. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं.

हनुमंतभाऊ त्या बेकरीला अंडी पुरवायचे. एके दिवशी त्यांनी मला बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "परवेजभाई, ह्यो काय लाकूडफाट्यात घालताय का? मला द्या. अंड्यांचे ट्रे ठिवायला व्हईल."

"ले जाओ भाऊ. पण सांगून ठेवतो, यात खारी मऊ पडते."

"आमची अंडी काय मऊ पडत न्हाईत."

असा मी अंड्यांच्या टेम्पोतून कळंबला आलो. घराच्या पडवीला लागून खाद्याची खोली होती, तिथे एका कोपऱ्यात मला जागा मिळाली. वरच्या फळीवर अंड्यांचे ट्रे, डोक्यावर खाद्याची पोती आणि खालचा कप्पा रिकामा. एक सरकतं दार वाटेत अडकलं होतं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. बघणारं कुणी नव्हतं. आता असंच संपायचं, असं मी मनाशी धरून बसलो.

तेवढ्यात घरात एक पाहुणी आली.

हनुमंतभाऊंची मुलगी यशोधरा मंचरला जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांना नोकरीसाठी परदेशी जायचं होतं आणि त्यांचा पाळलेला साप कुठे ठेवावा हा प्रश्न होता. बॉल पायथन म्हणतात त्याला. परदेशी जातीचा, बिनविषारी, लाजाळू अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. यशोधरानं रीतसर सरकारी नोंद आपल्या नावावर करून घेतली आणि ती मादी घरी आणली. तिची आजी, चिमाबाई, दारातच आडवी उभी राहिली.

"साप? माझ्या घरात? अगं, लोकं घरातला साप भाईर काढत्यात!"

"आजी, ती चावत न्हाई. आणि तिला जायला दुसरं घर न्हाई गं."

चिमाबाई दारातून जरा बाजूला सरकली. मग म्हणाली, "घर न्हाई म्हणती तर ऱ्हाऊ दे. पावणी म्हणून ऱ्हाऊ दे. पण माझ्यापसनं लांब." तेव्हापासून अजगराचं नाव पावणी पडलं.

लेकीची हौस म्हणून हनुमंतभाऊंनी स्वतः राबून पावणीला घर बांधलं. चारही बाजूंनी काच, माणसाच्या छातीइतकी उंची आणि उघडायला वर झाकण. पडवीत मधोमध ठेवलेला तो काचमहाल बघायला सगळी आळी लोटली. हनुमंतभाऊ कोंबड्यांत मुरलेले. पिलांचं संगोपन त्यांना तोंडपाठ. म्हणून त्यांनी खाली भाताचं तूस अंथरलं, वरून मोठा बल्ब सोडला आणि तो दिवसरात्र चालू ठेवला. "उजेड असला की पिलं खात्यात," ते म्हणाले. "अंधारात कोण जेवतं राव?"

अडकलेल्या दाराच्या फटीतून मला ते सगळं दिसायचं. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. काय ती काच, काय तो उजेड!

पण पावणी जेवेना. झाकण उघडून वरून हात आला की ती चेंडू होऊन बसायची. अहो, वरून येते ती घार, हे सापाला आईच्या पोटातून ठाऊक असतं. चहूकडे काच, त्यामुळे अंग चोरायला कोपरा नाही. कोरडं तूस आणि डोक्यावर तापलेला बल्ब. तिची कात तुकड्यातुकड्यांनी सुटू लागली आणि डोळ्यांवर जुनी कातडी तशीच चिकटून राहिली. ती जेवत नाही म्हणून हनुमंतभाऊंनी आणखी मोठा बल्ब लावला.

यशोधराला चूक कळत होती. पुस्तकात वाचलं होतं, दवाखान्यातले डॉक्टरही तेच सांगत होते. पण वडिलांनी बोटं कापून घेत बसवलेली ती काच! दोनदा तिनं विषय काढला आणि दोन्ही वेळा बापाचा उजळलेला चेहरा बघून गिळून टाकला. अखेर डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं. वजन असंच उतरत राहिलं तर पावणी दगावेल. त्यापेक्षा पुण्याच्या अनुभवी सर्पपालकाकडे तिला या रविवारी पोचवा.

त्या संध्याकाळी चिमाबाई पडवीच्या पायरीवर येऊन बसली. सापापासून लांब, पण नेहमीपेक्षा जवळ. "माझ्या दारातनं कुणी उपाशी गेलं न्हाई आजवर," ती म्हणाली. "दुष्काळात गेलं न्हाई. आणि आता ही पावणी उपाशीच जाणार का गं?" यशोधरा तोंड फिरवून रडली.

शनिवारी सकाळी हनुमंतभाऊंनी बल्ब बदलायला झाकण उघडलं आणि कोंबड्यांच्या शेडमधून हाक आली म्हणून झाकण उघडं आणि बल्बची वायर आत लोंबती ठेवून तसेच गेले. परत येऊन बघतात तर काचमहाल रिकामा!

मग काय, आभाळ कोसळलं. वाऱ्यासारखी बातमी आळीभर गेली आणि माणसं काठ्या घेऊन धावली. "साप कोंबड्यांकडंच जाणार!" असं म्हणत सगळे शेडकडे गेले. यशोधरा त्यांच्यापुढे हात पसरून उभी. "मारू नका हो, ती काय करत न्हाई! दिसली तर मला हाक मारा!" हनुमंतभाऊंनी तर एकाच्या हातची काठी हिसकावून घेतली. "माझ्या लेकीचं जनावर हाय ते. आधी मला मारा."

आणि मित्रांनो, ती कुठे होती ते एकट्या मला ठाऊक होतं.

त्या गडबडीत पडवीतून काहीतरी हळूच सरपटत आलं होतं. माझ्या अडकलेल्या दाराशी थबकलं. जीभ आतबाहेर करून त्यानं माझा वास घेतला. नानकटाईचा वेलदोडा इतक्या वर्षांनीही माझ्या लाकडात मुरलेला आहे, तो तिला आवडला की नाही कोण जाणे. पण ती आत शिरली. खालच्या कप्प्यात, अंधारात, पाठीला आणि दोन्ही कुशींना लाकूड टेकवून तिनं वेटोळं घातलं. आधी आवळून, मग सैल. ते सैल होणं मला कळलं. माझ्या पोटात कुणीतरी पुन्हा विसावलं होतं! ओरडून सांगावंसं वाटलं, पण काउंटरला आवाज कुठला?

थोड्या वेळानं अंड्यांसाठी गिऱ्हाईक आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चिमाबाईच ट्रे काढायला आली. तिनं नेहमीसारखं दार ढकललं. ते अडकलं, म्हणून वाकून बघितलं. पावणी आणि ती, दोघींची नजरानजर झाली. मला वाटलं, आता किंकाळी येणार. पण चिमाबाई तशीच उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हितं हायस व्हय गं बाई? बस. बस निवांत." मग बाहेर जाऊन तिनं जी हाक दिली, ती शेडपर्यंत गेली. "यशे! पावणी घावली!"

सगळे धावत आले. हनुमंतभाऊ घामाघूम झाले होते. "चला, उचल तिला. ठिव परत म्हालात."

यशोधरा पुढे झाली नाही. तेव्हा चिमाबाई माझ्यापुढे उभी राहिली. "का उचलायची? आरं हनुमंता, तिला तोंड न्हाई बोलायला, म्हणून पायानं... पाय बी न्हाईत म्हणा तिला... चालत येऊन तिनं खोली निवडली. पावण्याला कुठं झोप लागती ते पावण्याला इचारावं का आपुन ठरवावं?"

लोक हसले. यशोधरा मात्र वडिलांकडे बघत होती. "पप्पा, तुमी लई मायेनं केलं. पण ते आपल्याला बघायला केलं. तिला लपायला जागाच न्हाई त्यात. मला आधीच बोलायला पायजे व्हतं."

हनुमंतभाऊंनी एकदा पडवीतल्या महालाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. माझा जीव टांगणीला लागला होता. मग ते म्हणाले, "आगं वेडे, मग बोलायचं की! मी कोंबड्यांचा माणूस. मला सापाचं काय कळतंय? सांग, काय काय करायचं. ड्रिल आणू का?"

त्या दिवशी माझा दुसरा जन्म झाला. अंडी निघाली, पोती उतरली. मला धुऊन पुसून उन्हात वाळवलं. ड्रिलनं माझ्या दोन्ही कुशींना हवेची भोकं पाडली. जरा दुखलं, पण चालायचंच. तुसाऐवजी नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा आला. एका टोकाखाली ऊब देणारी चटई आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं यंत्र आलं, दुसरं टोक थंड ठेवलं, म्हणजे पावणीला हवं तिथे सरकता यावं. अंग बुडेल असं पाण्याचं भांडं आलं, दडायला दोन खापरं आली. अडकलेलं दार दुरुस्त होऊन त्याला कुलूपही लागलं. आता वरून हात यायचा नव्हता. यायचा तो आडवा, मागचं दार सरकवून, कळवून.

शेवटी यशोधरा म्हणाली, "पप्पा, पुढची काच झाकूया. बारीक पट्टी तेवढी उघडी ठेवू." माझी काच झाकणार? अहो, काच म्हणजे काउंटरचं तोंड! मला ते फार लागलं. पण पोटात पावणी होती, म्हणून सोसलं.

यशोधरानं डॉक्टरांना फोन करून आणखी एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात कुणी पावणीला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी दिवे घालवून यशोधरानं दार जरासं सरकवलं. लांब चिमट्यात उंदीर होता, आधी गोठवलेला आणि नीट वितळवून कोमट केलेला. उंबऱ्याबाहेर हनुमंतभाऊ आणि चिमाबाई श्वास रोखून उभे. खापराखालून एक डोकं पुढे आलं. थांबलं. मान मागे गेली, आणि झडप!

"जेवली!" यशोधरा कुजबुजली. पण कुजबुज कसली, उंबऱ्यापलीकडे हनुमंतभाऊंनी आईला उचलूनच घेतलं. "आरं सोड मला, म्हातारी मोडंल!" चिमाबाई ओरडत होती आणि हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं आळीभर गूळ-शेंगदाणे वाटले. पावणी कुणाकडेच गेली नाही, ना पुण्याला, ना आणखी कुठे.

पुढे तिनं कात टाकली, ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. नेमका त्याच दिवशी परवेजभाई अंड्यांच्या हिशेबाला आला होता. त्यानं मला ओळखलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला, अब्बांचा काउंटर! याच्यात तर खारी मऊ पडायची, म्हणून काढला मी."

यशोधरानं ती लांबलचक कात त्याच्यापुढे धरली. "काका, हा ओलावा धरतो म्हणूनच तर ही अशी निघाली."

परवेजभाईनं माझ्या सांध्यात नख घालून बघितलं, अगदी आपल्या बापासारखं. शिरलं नाही. "अब्बांनी पक्कं काम करून घेतलं होतं," तो म्हणाला, आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. मित्रांनो, खारीनं ज्या खोडीपायी मला उन्हात काढलं, त्याच खोडीनं मला जिंकवलं.

काचमहालही वाया गेला नाही. त्यात आता पिलं असतात, दिवसरात्र उजेडात खातात आणि चिवचिवतात. ज्याचं घर त्याला मिळालं.

म्हणून माझं तुम्हाला मागणं आहे. रानातला साप रानातच शोभतो. नाग, धामण, मांडूळ यांना पकडून घरी ठेवू नका. तो गुन्हाही आहे आणि क्रूरपणाही. आणि कायद्यानं पाळता येईल असा एखादा जीव घरी आणलात, तर त्याचं घर तुमच्या डोळ्यांसाठी बांधू नका. ऊब कुठे हवी, गारवा कुठे, लपायला कोपरा आहे का, हे आधी बघा. त्याला तोंड नाही, पण तो सांगत असतो.

अजूनही लोक अजगर बघायला येतात. काचेच्या पट्टीला नाक लावतात. आत काथ्या दिसतो, खापर दिसतं, बाकी काही नाही. "साप कुठंय आजी?" ते विचारतात.

"हाय की आत. जेवून झोपलीय पावणी," चिमाबाई म्हणते आणि फडक्यानं माझ्या काचेवरचे नाकांचे ठसे पुसते.