अनोळखी मेलचा कप्पा

नाजनीन चादरींसाठी नक्षी काढायची. भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर वेलबुट्ट्या रचायच्या आणि कारखानदारांना मेलने पाठवायच्या, हे तिचं काम. पण उन्हाळ्यापासून नवा मेल आल्याचा आवाज झाला की ती खुर्ची मागे सरकवायची.

कारण अल्तमश. ती पूर्वी ज्या कारखान्यात होती, तिथल्या ऑफिसात तो होता. त्याने लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं. आधी विनवण्यांचे मेल आले, मग शिव्यांचे. तिने त्याला ब्लॉक केलं, तर दुसऱ्याच दिवशी नव्या पत्त्यावरून मेल आला, ‘मला बंद करतेस?’ तोही पत्ता ब्लॉक केला. मग आणखी एक आला.

एका सकाळच्या मेलमध्ये एवढंच होतं : ‘काल मंडईत हिरव्या ओढणीत छान दिसत होतीस.’

तिने खिडकी लावून घेतली. घामाने निथळत होती, तरी दिवसभर उघडली नाही.

तिची मैत्रीण वैजयंती कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. नाजनीनने फोन केला, तशी ती धावत आली.

“एकेक पत्ता ब्लॉक करून कुठवर पुरशील? आपण उलटं करू की. ओळखीच्या लोकांचेच मेल इनबॉक्समध्ये येतील, बाकीचे सगळे ह्या वेगळ्या कप्प्यात. तू बघायचंच नाहीस. आणि पुसायचं काही नाही हं, पुरावा लागतो.”

इनबॉक्स शांत झाला. नाजनीन मात्र झाली नाही. बुट्टी काढता काढता हात थांबायचा. कप्प्यात काही पडलं असेल का? त्याने आज कुठे बघितलं असेल आपल्याला? न बघितलं तर कळणार नाही, आणि बघितलं तर जेवण जाणार नाही. ती उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. शेवटी कप्पा उघडायचीच.

एका दुपारी अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. नव्या चादरीच्या नक्षीबद्दल त्यांनी मेल केला होता, उत्तर का नाही म्हणून विचारत होते. त्यांचा पत्ता ओळखीचा नव्हता, म्हणून मेल कप्प्यात जाऊन पडला होता. आता तो सगळा ढीग उपसणं भाग होतं. ती कप्पा उघडायची आणि लगेच बंद करायची.

“काय झालं गं?” दारातून अब्बांनी विचारलं.

तिच्या अब्बांनी, गैबीसाबांनी, उभी हयात ट्रक चालवला होता. घरात ते फारसं बोलत नसत. नाजनीनने त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. आता ते लपेना. तिने रडत रडत सांगितलं.

“मला बसू दे तिथं,” ते म्हणाले.

“नको अब्बा, फार घाण लिहिलंय.”

“म्हणून तर. तू कशाला वाचायचं? जा, चहा टाक.”

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. चहा उतू गेला, तरी तिचं लक्ष बाहेरच. अब्बा चष्मा लावून सावकाश एकेक मेल उघडत होते. मध्येच त्यांचा जोरात सोडलेला श्वास ऐकू आला. ते बाहेर गेले तर? त्याला गाठलं तर?

“बेटी, अक्कलकोटवाल्याचा हा बघ. बाकीचे तू उघडू नकोस.” मग खाली बघत म्हणाले, “एवढे महिने एकटीनं सोसलंस. मला सांगायचं की.”

“तुम्ही त्याला मारायला जाल, असं वाटलं.”

“वाटलं खरं तसं आत्ता,” ते म्हणाले. “पण उद्या पोलिसात जाऊ.”

चौकीत अधिकारी बाईंनी गैबीसाबांकडे बघून विचारलं, “बोला, काय तक्रार आहे?”

“तिला विचारा. तिची तक्रार आहे,” ते म्हणाले.

नाजनीनने पहिल्या मेलपासून सांगायला सुरुवात केली. हिरव्या ओढणीच्या मेलपर्यंत आली तेव्हा रडू फुटलं, तरी थांबली नाही. बाईंनी कप्प्यातले सगळे मेल घेतले, तक्रार नोंदवली. काही दिवसांनी अल्तमशला बोलावणं गेलं. तो मोठ्या भावाबरोबर आला, सुरुवातीला नाकबूल करत राहिला. मेलचे पत्ते त्याच्याच फोनवर सापडले, तेव्हा त्याने नाकारणं सोडलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्यानंतर त्याचा मेल आला नाही.

गैबीसाब अजूनही जेवण झालं की चष्मा लावून तो कप्पा तपासतात आणि घर हलवायच्या, केस वाढवायच्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवतात. नाजनीन हसते. पण मंडईत मागून कुणी भरभर चालत आलं, की तिची पावलं अजून आपोआप बाजूला होतात, आणि तो माणूस पुढे निघून जाईपर्यंत ती दुकानाला पाठ लावून उभी राहते.