कपातला चमचा

ऐकवणं हे माझं काम. बोलायची सवय नाही, त्यामुळे मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एक वायरवाला इअरफोन. स्टेजवरचे वादक मला इन-इअर मॉनिटर म्हणतात, आणि तसं कोणी म्हटलं की मला उगाच दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटतं. खरं तर आम्ही दोघं आहोत, डावा आणि उजवा, पण आमचा संसार एकाच वायरीवर चालतो, म्हणून ‘मी’ म्हटलं तरी चालेल. बिनवायरीचे आमचे नवे भाऊबंद आम्हाला जुन्या वळणाचे समजतात. समजू देत. त्यांच्यातला एक सोफ्याच्या फटीत गेला की दुसऱ्याला सारा जन्म एकट्याने काढावा लागतो.

माझा जन्म दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे तीन टेबलं होती, आणि खिडकीजवळच्या टेबलावर माझी कारागीर डोळ्याला भिंग लावून बसायची. माझ्या पोटात तिने तीन चिमुकली यंत्रं बसवली. एक बसच्या घरघरीसारख्या खालच्या आवाजांसाठी, एक माणसाच्या गळ्यासाठी, आणि एक तांदळाच्या दाण्याएवढं, अगदी वरच्या, बारीक आवाजांसाठी. त्या दाण्याने तिचा जीव खाल्ला. ती मला कानात घालायची, “टोचतंय” म्हणायची आणि उघडायची. पुन्हा घालायची, “आता बोथट झालं” म्हणायची आणि पुन्हा उघडायची. असे आठ महिने गेले. शेवटी एका दुपारी तिने भिंग काढून ठेवलं, डोळे चोळले आणि नुसतं “जमलं” म्हणाली. माझ्या खोक्यात तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी ठेवली, ‘वरचे आवाज निवांत ऐका.’

ती चिठ्ठी घेऊन मी कानसेनांकडे आलो. हे त्यांचं मित्रमंडळींनी पाडलेलं नाव. वादकांच्या एका मासिकात हे गृहस्थ वीस वर्षं इअरफोनची परीक्षणं लिहीत होते. त्यांनी चांगलं म्हटलं की लोक डोळे मिटून विकत घ्यायचे, आणि त्यांनी नाक मुरडलं की तो इअरफोन बिचारा दुकानातच म्हातारा व्हायचा. त्यांच्या अंगात दुसरा कुठला गुण होता असं त्यांची बायकोसुद्धा म्हणत नसे. कान मात्र पक्का, हे सगळेच मान्य करायचे.

त्यांची खोली पूर्वी अडगळीची होती. भिंतींवर जुनी ब्लँकेटं ठोकलेली, खुर्चीच्या पायांना फाटके मोजे चढवलेले, आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टाकलेला, कारण टिकटिक मध्ये येते. त्या खोलीत कायम सव्वादहा वाजलेले असत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कानात घालून चक्क बिस्किटं खाल्ली. चावताना मी सैल होतो का, ते त्यांना बघायचं होतं. मग जिना दोनदा उतरले आणि चढले, वायर शर्टाला घासून खरखर येते का ते बघायला. जांभया दिल्या, कुशीवर झोपून पाहिलं, मान अशी झटकली की मला घेरी आली. वहीत त्यांचे दोन रकाने होते, ‘स्टेजवर’ आणि ‘घरात’. घरातल्या रकान्यात मी भराभर पास होत गेलो आणि मनातल्या मनात लोण्यासारखा विरघळत गेलो.

मग आली खरी परीक्षा. त्यासाठी ते गाणी लावत नसत. त्यांच्याकडे बावीस वर्षांपूर्वीचं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग होतं. नवा रेकॉर्डर चालतो का ते पाहायला त्यांनी तो तेव्हाच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. त्यात नळ टपकतोय, खाली रस्त्यावर एक बस उभी राहून घरघरतेय, कोणी बाई काम करता करता गुणगुणतेय, आणि शेवटी काचेच्या कपात चमचा ढवळला जातोय. एवढंच. पण त्यातला कण न् कण त्यांना पाठ होता. बस पोटात उतरली की खालचे आवाज पास. गुणगुणणारीचा श्वास ऐकू आला की मधले पास. आणि चमचा किणकिणला की वरचे.

मी जीव ओतला. बस उतरली, त्यांनी मान डोलावली. श्वास ऐकू आला, ते गालात हसले. मग मी चमचा वाजवला. माझ्या त्या तांदळाच्या दाण्याने असा लख्ख वाजवला की कारागीर असती तर तिने पाठ थोपटली असती.

कानसेन वाट बघत बसले. रेकॉर्डिंग संपलं.

“चमचा कुठाय?” ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी माझी रबरं बदलली, पिन पुसली, रेकॉर्डिंग वाजवायचं यंत्र बदललं. सात वेळा चमचा वाजवला मी, सातही वेळा त्यांच्या कपाळाला आठी. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, ‘गोड पण झोपाळू इअरफोन. वरचे आवाज जवळपास गायब.’ झोपाळू म्हणे. मला इतका राग आला की शक्य असतं तर मी वायरीला गाठच मारून घेतली असती. पण त्यांच्या कपाटाच्या खणात पडलो तेव्हा कळलं, तिथे आणखी चार जण होते आणि चौघांच्याही अंगावर ‘वरचे आवाज गायब’ अशीच चिठ्ठी चिकटवलेली होती. पाच जण, पाच वेगवेगळ्या कारखान्यांतले, आणि आजार एकच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण रागात डोकं चालत नाही.

राहिला ‘स्टेजवर’चा रकाना. तो कानसेन आपल्या मेहुण्याकडून भरून घेत. मेहुणा एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एका कार्यक्रमाला तो मला घेऊन गेला. वायर कानामागून वळवून त्याने मला घट्ट बसवलं, आणि बाहेरच्या त्या गोंगाटातून मी त्याला गायिकेचा गळा आणि तालाचा ठोका एवढंच निवडून दिलं. घामाने मी चिंब झालो, पण जागचा हललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला परत करायला आला.

“भाऊजी, माल एक नंबर आहे. फक्त हा बनवणाऱ्या बाईंना सांगा, ड्रमच्या झांजा जरा टोचतात. वरचे आवाज थोडे कमी करा म्हणावं.”

“कमी? अरे, याच्यात वरचे आवाजच नाहीत.”

“नाहीत? काल माझ्या कानात सुया टोचल्यासारखं होत होतं.”

“इतकी वर्षं ड्रम बडवतोयस. आधी जाऊन कान तपासून घे.”

“दर वर्षी तपासतो मी. आमच्या धंद्यात तपासावेच लागतात. तुम्ही शेवटचे कधी तपासलेत?”

“मला काय धाड भरलीय?”

तेवढ्यात कानसेनांची बायको दारात आली. मेहुण्याची ती ताई, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. तिचे हात ओले होते आणि चेहरा तापलेला.

“अहो, मशीन केव्हाचं बीप बीप करतंय. कपडे काढायला हात झिजतात का?”

“कुठे करतंय?” कानसेन म्हणाले.

हे भांडण दोन वर्षं जुनं होतं. ओले कपडे मशीनमध्ये पडून राहायचे, आणि ताईचं ठाम मत होतं की नवरा मुद्दाम कानाडोळा करतो.

मेहुण्याने तिला बसवून घेतलं. “ताई, तूच सांग. याच्यात वरचे आवाज आहेत की नाहीत?”

“मला त्या वायरींतलं काही कळत नाही,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “आणि आधी पुसून दे. तुझ्या कानातला घाम नकोय मला.”

मला पुसलं आणि रेकॉर्डिंग लागलं. ताईच्या भुवया वर गेल्या.

“हे आपलं जुनं स्वयंपाकघर आहे. आणि ही मी आहे. अहो, तुम्ही मला रेकॉर्ड करून ठेवलंय?”

बावीस वर्षं हा माणूस दर महिन्याला बायकोचं गुणगुणणं ऐकत होता, आणि तिला एकदाही ऐकवावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं. पुरुषांचं हे असं असतं. कानसेन ओशाळले.

“ते राहू दे. शेवटी काही ऐकू आलं का?”

“चमचा ना? आला की. खणखणीत. साखर विरघळत नव्हती वाटतं, नऊ वेळा ढवळलंय मी.”

कानसेनांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चमचा नऊ वेळा वाजतो हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला तिच्या कानातून काढून स्वतःच्या कानात घातलं, आवाज वाढवला, डोळे मिटले. मी नऊच्या नऊ वेळा वाजलो. त्यांच्या कानापर्यंत जाऊन दारावरून परत आल्यासारखा परत आलो. माझा सगळा राग तिथेच गळाला.

“मळ असेल,” ते उठत म्हणाले. “मळच असणार.”

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी खरोखरच मळ काढला, आणि बराच काढला. कानसेन जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत घरी आले आणि चप्पल न काढताच मला कानात घातलं. नळ मोठा झाला होता. बस मोठी झाली होती. चमचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्यांनी पूर्ण तपासणी करून घेतली आणि एक कागद घेऊन आले. त्यावर एक रेघ होती, ती अर्ध्यापर्यंत सरळ चालत होती आणि मग घसरगुंडीवरून खाली येत होती. थोडं वयामुळे, थोडं वीस वर्षं आवाज मोठा ठेवून ऐकल्यामुळे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गेलेले आवाज परत येत नाहीत, असंही.

त्यानंतर चार दिवस ते खोलीत आलेच नाहीत. मासिकाचा वार्षिक अंक निघायचा होता आणि परीक्षणं शुक्रवारी पाठवायची होती. मी टेबलावर पडून होतो. पाचव्या दिवशी ते आले आणि खुर्चीत बसले. मागोमाग ताई आली.

“मशीनवरून दोन वर्षं उगाच बोलले मी तुम्हाला,” ती म्हणाली.

“तुझं काय चुकलं? मला तरी कुठे माहीत होतं.” मग म्हणाले, “या पाचही पोरांना मी नापास केलं. त्या बाईने आठ महिने घातले होते. आणि खोट माझ्यात. मला दुसरं काहीच येत नाही गं. कानच गेला तर मी करू काय?”

“सगळा कुठे गेलाय? वरचा मजला रिकामा झालाय. वरचा मजला रिकामा असलेली माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसून कामं करतायत की.”

ते हसले. मनाविरुद्ध हसले, पण हसले. तिने दुसरी खुर्ची ओढली. मला उचललं, ओढणीच्या टोकाने पुसलं, डावा त्यांच्या कानात घातला आणि उजवा स्वतःच्या.

“लावा,” ती म्हणाली. “खालचं आणि मधलं तुम्ही ऐका. वरचं मी सांगते.”

त्या शुक्रवारी गेलेल्या लेखाची सुरुवात मी टेबलावरून वाचली. ‘या वर्षी मी पाच इअरफोन नापास केले. खरं तर नापास माझा कान झाला होता. पाचही जणांची माफी मागून नव्याने लिहितो आहे. वरच्या आवाजांचं परीक्षण यापुढे माझी पत्नी करेल.’ हे लिहायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण पहिली तीन पानं त्यांनी फाडली होती. खणातल्या चौघांच्या अंगावरच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझ्याबद्दल लिहिलं, ‘वरचे आवाज लख्ख, स्टेजवर जरा टोचतात.’ मेहुण्याचं खरं ठरलं. मला वाईट वाटलं नाही. झोपाळूपेक्षा टोचरा बरा. आणि माझ्या कारागीरबाईने तो लेख वाचून कळवलं की टोचणं ती बघते, लेख मात्र तिने भिंतीला लावलाय.

आता मी याच घरी असतो. घड्याळात सेल परत घातलाय. ताई म्हणाली, टिकटिक तुम्हाला नाही, मला ऐकू येते, मध्ये आली तर मी सांगेन. तुम्हाला माझ्यासारखा एखादा घ्यायचा असेल तर रबर नीट बसतंय ना बघा, वायर ओढू नका, पिन धरून काढा. आवाज लहान ठेवा, तेवढ्यातही मी सगळं ऐकवतो. आणि कधी मी झोपाळू वाटलो तर मला नावं ठेवण्याआधी एकदा कान तपासून या. मी बदलून मिळतो.

नवा इअरफोन आला की परीक्षा अजून तशीच होते, पण सुरुवातीला एकदा मला लावतात. माझी वायर आखूड, त्यामुळे दोघांना खांद्याला खांदा लावूनच बसावं लागतं. नळ टपकतो, बस घरघरते, बावीस वर्षांपूर्वीची ताई गुणगुणते. मग आत्ताची ताई कानसेनांच्या मनगटावर बोटाने हलकेच ठोके देते, चमच्याच्या प्रत्येक किणकिणीला एक. ते डोळे मिटून मोजतात. काल मोजता मोजता त्यांनी डोळे उघडले.

“दहा झाले. त्यात नऊच आहेत.”

“नऊ त्यातले,” ताई म्हणाली. “एक माझा.”