दर रविवारी ताजे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी ॲम्बॅसॅडर आहे. आजवर पन्नास उन्हाळे पाहिले आणि त्यांतले शेवटचे तीन तापात काढले. आता मात्र माझी तब्येत ठणठणीत आहे. ती कशी सुधारली, ते सांगते.

माझा जन्म हुगळी नदीच्या काठी एका कारखान्यात झाला. पुढे परभणीच्या एका कचेरीत मी वीस वर्षे साहेबांना घेऊन फिरले. मग माझा लिलाव झाला आणि पूर्णेचे धम्मानंद मला घरी घेऊन आले. ते रेल्वेत वाफेचे इंजिन चालवत. त्याच सुमारास वाफेची इंजिने बंद झाली होती. त्यांना मोठी चुटपुट लागली होती. ती सगळी माया माझ्या वाट्याला आली.

दर रविवारी ते इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या माझ्या रेडिएटरच्या तळाची तोटी सोडत, आतले पाणी काढून टाकत आणि बादलीभर ताजे पाणी भरत. शिळे पाणी इंजिनाला देऊ नये, असे ते म्हणत. गल्लीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना सांगत, गाडी अशी ठेवावी. चुडाव्याच्या तीन नवरदेवांना मी मांडवापर्यंत नेले.

मग ताप सुरू झाला. गावात हळू फिरले तर काहीच होत नसे. हमरस्त्यावर वीस मिनिटे पळाले की तापमानाचा काटा लाल खुणेवर जाई आणि बॉनेटमधून वाफ निघे. मुंजाजी मेकॅनिकने पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप बदलला. शेवटी तो हात पुसत म्हणाला, "काका, इंजन म्हातारं झालंय. आता लय जीव लावू नका."

धम्मानंदांनी माझ्यावर ताडपत्री टाकली. भंगारवाला सोमवारी मला न्यायला येणार, असे ठरले. पण मला त्याहून जास्त लागले ते त्यांचे बोलणे. गाडी बिघडली नाही, आपलाच हात गेला, पूर्वीचे कसब राहिले नाही, असे ते शेजाऱ्यांना सांगू लागले. यापुढे कुठलीच गाडी चालवायची नाही, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

शुक्रवारी त्यांची मुलगी सुकेशनी आली. ती गंगाखेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने सोमवारपर्यंतचा वेळ मागितला. मुंजाजी हसून म्हणाला, "ताई, तुमच्या कॉलेजात आजारी गाड्या येतेत का?" तिने त्याच्याकडून खडू तेवढा मागून घेतला.

मी थंड असताना तिने रेडिएटरचे झाकण उघडले. मित्रांनो, गरम रेडिएटरचे झाकण कधीच उघडायचे नसते. इंजिन सुरू केले तरी आत बुडबुडे येत नव्हते आणि माझ्या तेलात पाणी उतरले नव्हते, म्हणजे इंजिन आतून शाबूत होते. हळू चालताना ताप येत नाही, म्हणजे पंख्याचाही दोष नव्हता. मग तिने मला हमरस्त्यावर फिरवून आणले, इंजिन बंद केले आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. काही भाग चटका देत होता, तर मधला मोठा भाग जेमतेम कोमट होता. तिने त्याच्याभोवती खडूने रेघ ओढली. गरम पाणी तिथे पोचतच नव्हते. मी थंड झाल्यावर झाकण काढून रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली पांढरी खपली तिने नखाने काढली आणि तिच्यावर लिंबू पिळले. खपली फसफसली.

"बाबा, अंगणातलं बोअर कधी घेतलं?"

"चार वर्षं झाली. तवापासून हिला त्याचंच पाणी घालतो. का गं?"

खडू खाली ठेवून ती त्यांच्याकडे वळली. तेव्हा मला कळले, की खरे अवघड काम आता आहे, ते वडिलांना सांगण्याचे.

"त्या पाण्यात चुना हाय. वाफेचं इंजन पाण्याची वाफ करून उडवून टाकतं अन् चुना मागं ऱ्हातो, म्हणून त्याचं पाणी सोडून द्यावं लागतं. तुमचं तिथं बरोबरच होतं. पण ही गाडी पाणी उडवत न्हाई, तेच तेच फिरवती. तुमी दर रविवारी हिला नवा चुना दिला. दोनशे रविवार. अर्धा किलो तरी गेला असंल."

धम्मानंद पायरीवर बसले. "म्हंजे मीच पाडलं हिला आजारी."

"तुमी पाडलं, पण तुमचा हात गेला न्हाई," ती म्हणाली.

ते उठून माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "रेल्वेच्या शेडमधी एवढी वर्षं काढली, माझी चूक कोणाला सापडली न्हाई. सापडली ती घरच्या पोरीला." आवाजात दुःख होते, तसा अभिमानही होता.

शनिवारी मुंजाजीने रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि एकेका नळीतून पातळ पट्टी घालून चुना पाडला. इंजिनाच्या आतला चुना सुकेशनीने लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुऊन काढला. मग शुद्ध पाणी आणि इंजिन थंड ठेवणारे कूलंट भरले. आता हे दोन वर्षे बदलायचे नाही, असे तिने बजावले.

रविवारी भर दुपारी धम्मानंद स्टिअरिंगवर बसले. पहिले दहा किलोमीटर त्यांची नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच होती. विसाव्या मिनिटाला त्यांनी श्वास रोखला. काटा मधल्या खुणेवरच होता. परभणी मागे पडली तेव्हा ते एका हाताने चालवत होते आणि सुकेशनीला जुन्या इंजिनांच्या गोष्टी सांगत होते. गंगाखेडला पोचल्यावर त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला.

"उद्या येऊ नका," ते म्हणाले. "गाडी घरी न्हाई. आमी गावाला आलोय."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र कुरकुरत असेल. त्याला म्हातारे म्हणून बाजूला सारण्याआधी त्याचा त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, ते शांतपणे बघा. मला जीव लावणारे माणूस नेहमीच होते. त्याच्या मायेला नेमकी माहिती मिळाली, आणि आम्ही दोघेही रस्त्यावर परत आलो.