विवाल्डीचं घराणं

विवाल्डी मला येरवड्याच्या कॉल सेंटरमध्ये भेटला. इंग्लंडातल्या एका बँकेची गिऱ्हाइकं आम्हाला शिव्या द्यायला फोन करायची, आम्ही त्यांना होल्डवर टाकायचो, आणि होल्डवर हा बाबा व्हायोलिन वाजवायचा. माझं काम रेकॉर्ड झालेले कॉल ऐकून पोरांच्या चुका काढायचं. म्हणजे शिफ्टभर शिव्या, विवाल्डी, शिव्या, विवाल्डी. तीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये अनाथ पोरींना व्हायोलिन शिकवून थोर झालेला संगीतकार, आणि त्याचा वारसा काय उरला? कार्ड हरवलेल्या म्हातारीला थोपवून धरणं.

व्हायोलिन मला येत होतं. खडकीत आमच्या क्वार्टर्समागे राहणाऱ्या फ्रान्सिस अंकलनी शिकवलं होतं. ते लष्करी बँडमधून रिटायर झालेले. जाताना वाद्य मलाच देऊन गेले. त्यावर मी होल्डची धून बसवली.

दोन हजार चार साली सदाशिव पेठेतल्या एका संगीत मंडळानं विवाल्डीची संध्याकाळ ठरवली. एक व्हायोलिन कमी पडत होतं. ती जागा मला हवी होती. एकटीनं वाजवून वाजवून विटले होते. आणखी व्हायोलिनं शेजारी असली की आपला आवाज कसा लागतो, ते एकदा तरी ऐकायचं होतं.

मंडळाचे अनंत सर खुर्चीत बसले होते. कोपऱ्यात त्यांची शिष्या नीरजा तारा जुळवत होती.

"आडनाव?"

"ओव्हाळ."

"कुठले ओव्हाळ?"

"खडकीचे."

त्यांना गाव विचारायचं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"घराणं?"

"विवाल्डीचं."

नीरजा फिसकन हसली. मी म्हटलं, "त्याचा बाप न्हावी होता." हे वाचलं होतं, आणि फेकून मारायला सोबत आणलं होतं.

"माहीत आहे," सर म्हणाले. "मुलगा पाद्री झाला, तेही माहीत आहे."

"न्हाव्याचा मुलगा भटजी. तिकडं चाललं. इकडं?"

"इकडं वाजवून दाखवतात. वाजवा."

वाजवलं. झकास लागलं. सरांची मान हललीसुद्धा. आणि ऐन रंगात मी गज उचलला, गप्प उभी राहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"थांबा. मध्येच का तोडलंत?"

"इथं बाई बोलते."

"कोण बाई?"

"युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस. मग परत पहिल्यापासून."

नीरजानं तोंडात ओढणी कोंबली. सरांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा.

"आणि पुढचं?"

"सीडी आणून ऐकलंय. कानाला येतं, बोटांना येत नाही."

"उत्तम. बोटांना आलं की या. नमस्कार."

पेठेत नमस्कार म्हणजे चालते व्हा. मी वाद्य घेऊन दारापर्यंत आले आणि डोकं फिरलं. यांचं 'नाही' कधी 'नाही' म्हणून येतच नाही, हात जोडून येतं. उंबऱ्यातच उभी राहिले आणि पुढचं जसं सुचेल तसं हाणलं.

"चूक!" आतून आवाज आला. "शुद्ध गंधार आहे तो!"

शुद्ध लावला. पुढं गेले, परत घसरले.

"चूक! पंचमावर या, पंचमावर!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा माणूस मला हाकलू शकत होता, पण चूक तशीच सोडून देणं त्याच्या बापाला जमलं नसतं. असल्या माणसाला ज्ञान मागायचं नसतं. त्याच्यासमोर चुकायचं असतं.

मी चुकत राहिले. ते ओरडत राहिले, मग गाऊन दाखवू लागले, मग खुर्चीतून उठून हातवारे करू लागले. ओळीमागून ओळ बोटांत बसत गेली.

"तुम्ही मुद्दाम चुकताय!"

"हो. मग सांगू नका ना."

आणि पुढचा स्वर जाणूनबुजून बेसूर लावला. सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सर, नका," नीरजा म्हणाली.

"अहो, पण तो निषाद आहे!"

शेवटाला पोचलो तेव्हा त्यांना घाम फुटला होता आणि माझी हनुवटी सोलवटली होती. नीरजानं आपल्या शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली.

"तिला बसायला सांगितलं नाहीये," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही असं वाजवत गावभर हिंडलात, तर लोक म्हणतील पुण्यात शिकलीय. उद्या सकाळी सातला या."

"सकाळी मी झोपते. रात्रपाळी असते. संध्याकाळी येईन."

"संध्याकाळी मी कोणालाही शिकवत नाही."

"बरं. मग हिंडते गावभर."

त्यांनी माझ्या व्हायोलिनकडं एक नजर टाकली.

"संध्याकाळी सहा," ते म्हणाले. "बेल वाजवायची नाही. दार उघडं असेल."